इंजेक्टर फुकट, रेझिस्टर विकत

इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे विजेवरचे व्हॉल्व्ह, फुकट मिळाले म्हणून रेझिस्टर लागले. विकत घ्यायची वेळ आली असती तर सरळ हाय-इंपीडन्स, म्हणजे जास्त ओहमच्या कॉइलचे, इंजेक्टर घेतले असते, चार कपलर लावले असते आणि पुढचा सगळा उद्योग वाचला असता. पण पुण्यातल्या एका मित्राने त्याच्या लान्सरमध्ये ४जी६३ टर्बो इंजिन टाकलं होतं. त्याचे मूळ इंजेक्टर काढून त्याने आणखी मोठे बसवले आणि जुने चार, मिनिटाला ४५० सीसी पेट्रोल मारणारे, आइस्क्रीमच्या डब्यात घालून एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला पाठवून दिले. सोबत चिठ्ठी: "धुऊन आणलेत, चारही सारखे मारतात."

माझ्या मारुती एस्टीमला टर्बो लावून झाला होता. १२९८ सीसीच्या त्या जी१३बीबी इंजिनाचे कंपनीचे इंजेक्टर वरच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा जादा दाब, आला की पुरत नव्हते. ४५० सीसी म्हणजे माझ्या गरजेपेक्षा बरेच मोठे, पण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. मी मोजले, मल्टीमीटरने.

मीटर २०० ओहमवर ठेवला आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले. नुसत्या वायरीचाच ०.३ दाखवला. मग इंजेक्टर: २.८, २.८, २.९, २.८. म्हणजे वायरीचा आकडा वजा करून अडीच ओहम. ही वजाबाकी करायचा कंटाळा करू नये. चौदा ओहमच्या इंजेक्टरला ०.३ने काही बिघडत नाही, अडीचच्या इंजेक्टरला तो बारा टक्के फरक आहे, आणि पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर उभा राहतो.

हिशोब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा. हाय-इंपीडन्स इंजेक्टर साधारण ११ ते १६ ओहमचे असतात. गाडी चालू असताना १४.२ व्होल्ट धरले की त्यांच्यातून अँपिअरभर करंट जातो. अडीच ओहमच्या कॉइलमधून तोच ५.७ अँपिअर जाईल. माझा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, स्पीडुइनो आहे. अर्डुइनो मेगावर चालतो, डिझाइन सगळ्यांना खुलं आहे. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरचा करंट जोडणारे-तोडणारे स्विच, हाय-इंपीडन्स इंजेक्टर गृहीत धरून केलेले. ते चालू करतात आणि बंद करतात. मध्ये करंट किती वाढतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

लो-इंपीडन्स इंजेक्टर मुळात वेगळ्या रीतीने चालवायचे असतात. सुरुवातीला चारेक अँपिअरचा झटका देऊन आतली सुई उचलायची, उचलली की अँपिअरभरावर धरून ठेवायची. याला पीक-अँड-होल्ड म्हणतात. नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम१९४९ ही चिप खास याच कामासाठी केलेली होती. असं सर्किट नसेल आणि अडीच ओहमचा इंजेक्टर थेट जोडला, तर ५.७चा वर्ग गुणिले २.५, म्हणजे ऐंशी वॅटच्या वर उष्णता त्या अंगठ्याएवढ्या कॉइलमध्ये तयार होते. माझी सोल्डरिंग गन साठ वॅटची आहे. लोकांना वाटतं की रेझिस्टर ईसीयू वाचवायला लावतात. तो इंजेक्टरही वाचवतो. ड्रायव्हरचं दुखणं आणखी वेगळं. इंजेक्टर बंद करताना कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा त्याला पचवावी लागते आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दीड अँपिअरच्या जागी ५.७ झाला की तो मार जवळजवळ चौदापट.

पीक-अँड-होल्डचं वेगळं बोर्ड बनवून ईसीयूच्या पुढे लावता येतं आणि तांत्रिकदृष्ट्या तेच चांगलं. पण त्यात आणखी चार ड्रायव्हर, आणखी एक डबा आणि बिघडायला आणखी एक जागा. दुसरा रस्ता जुना आणि साधा आहे: प्रत्येक इंजेक्टरच्या वाटेत एक रेझिस्टर घालायचा. हा काही गॅरेजवाल्यांचा जुगाड नाही. मित्सुबिशीने ४जी६३ टर्बोला स्वतः असा रेझिस्टरचा डबा दिला होता, निसानने आरबी२६ इंजिनाला दिला होता, होंडाच्या नव्वदच्या दशकातल्या कितीतरी गाड्यांतही तो सापडतो. मित्सुबिशीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या डब्यातल्या प्रत्येक रेझिस्टरसाठी ५.५ ते ६.५ ओहमची मर्यादा दिलेली आहे. माझे इंजेक्टर त्याच घराण्यातले, त्यामुळे किती ओहमच्या आसपास राहायचं ते आधीच ठरलेलं होतं.

बाजारात ४.७, ५.६, ६.८, ८.२ आणि १० असे आकडे मिळतात. १० ओहम लावला तर करंट १.१४ अँपिअर, सगळं थंड, सगळं सुरक्षित. पण थंडीतल्या सकाळी स्टार्टर मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टवर येते. तेव्हा हाच करंट ०.७६ होतो आणि जुना इंजेक्टर तेवढ्यावर उघडेल याची खात्री कोण देणार? ४.७ लावला तर करंट दोन अँपिअरला टेकतो आणि उष्णताही वाढते. ६.८ला एकूण ९.३ ओहम होतात: चालू गाडीत १.५ अँपिअर, स्टार्टरच्या वेळी एकच्या जरा वर. मी ६.८ घेतला.

आता वॅट. १.५३चा वर्ग गुणिले ६.८, म्हणजे इंजेक्टर सतत उघडा राहिला तर एका रेझिस्टरवर सोळा वॅट. इंजेक्टर सतत उघडा राहत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, चार-पाच टक्के वेळच उघडा असतो आणि पूर्ण ताणावरही माझ्या गाडीत तो निम्म्याच्या आसपास जाईल. तरी हिशोब पूर्ण सोळाचाच धरायचा, कारण वायर कुठे अडकली, ड्रायव्हर चिकटला, तर रेझिस्टरला तेवढं सोसता आलं पाहिजे. कोल्हापुरात पाच आणि दहा वॅटचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर कुठल्याही दुकानात मिळतात. ते गाडीत लावू नयेत. नुसत्या पायांवर लोंबकळतात, धक्क्याने पाय तुटतो आणि हीटसिंकला, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, घट्ट बसवायची सोय नसते. पाहिजेत ते सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचे, दोन्ही बाजूंना कान असलेले, स्क्रूने आवळता येणारे. ते मी पुण्याला गेलो तेव्हा पासोड्या विठोबाच्या परिसरातून आणले, २५च्या जागी ५० वॅटचे. मागितले चार, घेतले सहा, आणि सहाही काउंटरवरच मीटरने मोजले. दुकानदाराने तोंड वाकडं केलं. त्यातला एक ७.४ निघाला, तो तिथेच बदलून घेतला. अंगावर ६.८ आणि पाच टक्के छापलं असलं तर आकडा ६.५ ते ७.१च्या आतच हवा. एका सिलिंडरचा रेझिस्टर वेगळा निघाला तर तेवढा एकच इंजेक्टर उघडायला उशीर करेल, आणि तो दोष नंतर प्लगमध्ये, कॉइलमध्ये, कॉम्प्रेशनमध्ये, सगळीकडे शोधत बसावं लागेल.

त्या "५० वॅट"वर एक तारा असतो, तो कुणी वाचत नाही. हा आकडा ठरावीक मापाच्या हीटसिंकवर घट्ट बसवलेल्या रेझिस्टरचा असतो. उघडा, हवेत टांगलेला रेझिस्टर निम्म्याहूनही कमी झेपवतो. त्यात बॉनेटखाली सत्तर-ऐंशी डिग्री. म्हणून रेझिस्टर निवडायला दहा मिनिटं लागली आणि खरं काम पुढे होतं, तो बसवायचं.

त्याआधी वायरिंगवरून वाद झाला. आमचे वायरिंगवाले आप्पा म्हणजे शिवाजी उद्यमनगरात उभी हयात घालवलेला माणूस. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या लाइटपर्यंत सगळं केलेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं.

"भावा, इंजेक्टरच्या चार कंट्रोलच्या वायरी ईसीयूकडं येत्यात न्हवं? तिथंच तोडायच्या, तिथंच रेझिस्टर टाकायचे. डॅशबोर्डच्या आत. पाणी न्हाई, चिखल न्हाई."

सोय म्हणून बघितलं तर आप्पांचं बरोबर होतं. इंजेक्टरला दोन वायरी: एक बारा व्होल्टची, चौघांना मिळून एकच, दुसरी ईसीयूकडे जाणारी, प्रत्येकाची वेगळी. रेझिस्टर अलीकडे घाला की पलीकडे, करंट तेवढाच. ईसीयूच्या बाजूला घातला तर हार्नेस, म्हणजे वायरींचा गुंडाळलेला जुडगा, उघडायलाच नको.

"आप्पा, वायर घासली तर?"

"कुठं घासली तर?"

मग आम्ही गाडीच्या काचेवर मार्करने काढून बघितलं. रेझिस्टर ईसीयूकडे असेल तर बारा व्होल्ट, मग इंजेक्टर, मग लांबलचक वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत, मग रेझिस्टर, मग ड्रायव्हर. ती लांब वायर पत्र्याला कुठेही घासून उघडी पडली तर इंजेक्टरला थेट बॉडीचं अर्थिंग मिळतं. रेझिस्टर वाटेतून बाद. ५.७ अँपिअर, इंजेक्टर सताड उघडा, कॉइल तापतेय आणि सिलिंडर पेट्रोलने भरतोय. भरलेल्या सिलिंडरवर पिस्टन आला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेझिस्टर बारा व्होल्टच्या बाजूला असेल तर रेझिस्टर आणि इंजेक्टरमधली वायर घासली तरी करंट रेझिस्टरमधूनच बॉडीत जातो. तीस वॅटच्या आसपास उष्णता होते, ती ५० वॅटचा रेझिस्टर सोसतो, आणि इंजेक्टर नुसता बंद पडतो. गाडी तीन सिलिंडरवर फडफडत घरी येते. इंजेक्टर ते ईसीयूची वायर घासायची भीती राहतेच, ती प्रत्येक गाडीत असते. पण तेव्हाही करंट दीड अँपिअरच्या वर जात नाही.

आप्पांनी काचेकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मंजे कंपनीवाले यडे न्हाईत." कंपनीच्या डब्यालाही एक वायर आत आणि चार बाहेर, अशीच जोडणी असते.

मध्येच काहीजण एक शॉर्टकट सुचवतात: चौघांसाठी मिळून एकच मोठा रेझिस्टर, बारा व्होल्टच्या मुख्य वायरीत. दोन इंजेक्टर एकाच वेळी उघडे असले की त्या एका रेझिस्टरमधला करंट दोघांत वाटला जातो आणि दोघेही उपाशी राहतात. आयडलला कळत नाही, कारण तेव्हा एका वेळी एकच उघडा असतो. वरच्या आरपीएमला एकावर एक चढतात आणि बरोबर जेव्हा बूस्ट असतो तेव्हाच पेट्रोल कमी पडतं. टर्बोच्या गाडीला याहून वाईट वेळ नाही.

जागा शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. इंटेक मॅनिफोल्डवर बसवला तर वायरी वीतभर लांब, दिसायला छान. पण इंजिनाचा थरथराट थेट रेझिस्टरमध्ये आणि खालून इंजिनाची उष्णता. फायरवॉलवर जागा होती, पण तिथे गाडी उभी राहिली की गरम हवा कोंडते. टर्बोच्या बाजूचा विचारच नको. राहिला तो टर्बोपासून सगळ्यात लांबचा कोपरा: हेडलाइटच्या मागे, आतल्या मडगार्डचा उभा पत्रा. ग्रिलमधून येणारी हवा तिथून जाते. पत्रा बॉडीचा आहे, इंजिनाचा नाही. अडचण एकच, वॉशरची प्लास्टिकची टाकी तिथेच होती. ती काढली. ही गाडी आता रस्त्यावर फिरत नाही, काचेवर पाणी मारायची चैन तिला नको.

रस्त्यावर का नाही तेही सांगतो, कारण विचारणारे विचारतातच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठणकावून सांगितलं. टर्बो लावलेली एस्टीम घेऊन पोलिसांपुढे पेपर काढायची हौस मला नाही. गाडी टो करून नेतो, बंद मैदानात चालवतो, टो करून आणतो.

हीटसिंकसाठी साधी पट्टीही चालली असती, असं आधी वाटत होतं. हिशोब केला तर पाच मिलिमीटर जाडीची, वीतभर पट्टी थांबलेल्या हवेत तीस वॅटला शंभर डिग्रीने वर जाते. धावत्या हवेत तीच पट्टी पंचवीस-तीस डिग्रीत भागवते, पण गाडी स्टार्टला उभी राहते तेव्हा हवा कुठली? पंख्यांचं, म्हणजे फिन असलेलंच अ‍ॅल्युमिनियम पाहिजे होतं. ते मिळालं गणपतीच्या कृपेने. एका मंडळाच्या डीजेचा जळलेला अ‍ॅम्प्लिफायर भंगारवाल्याकडे पडला होता. आत दोन जाड फिनवाले काळे ठोकळे. एकाचा तुकडा कापून घेतला, साधारण दीडशे बाय एकशेवीस मिलिमीटरचा.

तो घेऊन उद्यमनगरातल्या मामांकडे गेलो. मामांचं मिलिंग मशीन माझ्या वयाचं आहे आणि मामा त्याहून मोठे. त्यांनी ठोकळा हातात घेतला, सपाट बाजू डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघितली आणि म्हणाले, "पोट आलंय." डोळ्याला मला काही दिसत नव्हतं. त्यांनी सरफेस प्लेटवर निळी शाई पसरली, ठोकळा त्यावर अलगद फिरवला आणि उलटा केला. शाई फक्त मधल्या टिचभर भागाला लागली होती, कडा कोऱ्या. म्हणजे रेझिस्टर स्क्रूने कितीही आवळला तरी त्याच्या बुडाखाली हवा राहिली असती आणि हवा उष्णता चांगलीच अडवते. मामांनी एक हलकी कट मारली, पुन्हा शाईवर फिरवलं, पुन्हा कट. शाई सगळ्या पृष्ठभागाला लागली तेव्हाच मशीन बंद केलं. रेझिस्टरचं बूड मी घरी काचेवर बाराशेचा एमरी पेपर ठेवून घासून घेतलं.

"भोकं आरपार का आटे पाडू?" मामांनी विचारलं.

रेझिस्टरला तीन मिलिमीटरचे स्क्रू लागतात. एवढ्या बारीक स्क्रूचे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडले तर दोनदा खोलल्यावर सुटतात. आरपार भोक, मागून नायलॉनवाला लॉकनट, खाली वॉशर. फक्त भोकं अशी आखायची की नट दोन फिनच्या मधल्या नळीत येईल, पान्याला जागा राहील. मामांनी आखणी करताना एक फिन थोडा छाटला, न विचारता.

रेझिस्टरखाली पांढरी हीटसिंक पेस्ट लावली. ती कणभरच लागते. पातळ पसरवायची, इतकी की खालचं अ‍ॅल्युमिनियम पुसट दिसलं पाहिजे. पेस्टचं काम उरलेल्या खाचा भरायचं. चारही रेझिस्टर ओळीने, मध्ये बोटभर अंतर.

ठोकळा मडगार्डवर लावताना फिन उभे ठेवले. तापलेली हवा वर जाते. फिन आडवे असले की प्रत्येक फिन तिला अडवतो. पत्रा आणि ठोकळ्याच्या मध्ये बारा मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर टाकले, त्यामुळे मागून हवा फिरते आणि थोडी उष्णता पत्र्यातही जाते. रबरी बुश टाकावेत असं काहीजण म्हणाले. इंजिनावर बसवलं असतं तर मी टाकले असते. मडगार्डचा पत्रा तेवढा थरथरत नाही, आणि रबर उष्णतेची ती वाटही बंद करतं.

वायरीचं काम आप्पांनी केलं आणि एकदा पटल्यावर त्यांच्या हाताला तोड नाही. रेझिस्टरचे टर्मिनल चांगले तापतात. तिथे साधी पीव्हीसीची वायर लावली तर महिन्याभरात कडक होऊन तडकते, म्हणून रेझिस्टरपासून कनेक्टरपर्यंत सिलिकॉनची वायर घेतली. साठ-चाळीसचं साधं सोल्डर १८३ डिग्रीला वितळायला लागतं. तेवढं तापमान येणार नव्हतं, तरी आप्पांनी वायर आधी टर्मिनलच्या भोकातून ओवून पक्कडने वळवून घट्ट केली आणि मगच सोल्डर केलं, म्हणजे सोल्डर सुटलं तरी वायर जागेवर. वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. बारा व्होल्टची वायर चारही रेझिस्टरच्या एका टोकाला फिरवली, दुसऱ्या टोकांच्या चार वायरी वेगळ्या. पाचही वायरी एका सहा पिनांच्या वॉटरप्रूफ कनेक्टरात. कनेक्टर ठोकळ्यापेक्षा खाली न ठेवता बाजूला घेतला आणि वायरींना मध्ये खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून कनेक्टरात न जाता झोलाच्या टोकाला गळून पडतं. झोलाच्या दोन्ही बाजूंना क्लिपा. वायरीचं वजन टर्मिनलवर नको.

बारा व्होल्ट मुख्य रिलेतून, दहा अँपिअरच्या फ्यूजमधून घेतले. चारही इंजेक्टर एकदम उघडे राहिले तरी सहा अँपिअरच्या जरा वर जातं, त्यामुळे दहाचा फ्यूज उगाच उडत नाही. इंजेक्टर नव्या रेलमध्ये बसवण्यासाठी मामांकडूनच खाली अडॅप्टर करून घेतले होते, त्याची कथा वेगळी.

चावी फिरवण्याआधी ईसीयूचा कनेक्टर काढून मीटर लावला: फ्यूजच्या टोकापासून ईसीयूच्या प्रत्येक पिनपर्यंत. ९.३, ९.४, ९.३, ९.३. एवढ्या एका मोजणीत रेझिस्टर, सोल्डर, कनेक्टर, कपलर आणि कॉइल, सगळ्यांची हजेरी लागते. मग पंपाचा रिले काढून ठेवला आणि लॅपटॉपवरून एकेक इंजेक्टर टेस्टमध्ये वाजवला. आप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं. चारही टकटक एकाच आवाजाची.

गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, पण आयडल काही टिकेना. हे अपेक्षित होतं. इंजेक्टरला आज्ञा मिळाल्यापासून तो खरा उघडेपर्यंत थोडा वेळ जातो, मिलिसेकंदाच्या हिशोबातला, त्याला डेड टाइम म्हणतात. रेझिस्टर घातला की सुरुवातीचा तो चार अँपिअरचा झटका गेला, म्हणून हा वेळ वाढतो. आयडलला एकूण उघडा वेळच दोनेक मिलिसेकंदाचा; त्यात तीन दशांशाची चूक म्हणजे पेट्रोलमध्ये मोठी तफावत. आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की हा वेळ आणखी वाढतो. हेडलाइट आणि पंखा एकदम लावला की इंजिन गळाठायचं ते यानेच.

डेड टाइम शोधायची एक चांगली रीत आहे. गाडी गरम करून आयडलला ठेवायची, वाइडबँडवर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरवर, हवा-पेट्रोलचं प्रमाण बघायचं, मग ईसीयूमध्ये एका चक्रात दोनदा पेट्रोल मारण्याऐवजी चारदा मारायला सांगायचं. एकूण पेट्रोल तेवढंच, पण उघडझाप दुप्पट. डेड टाइमचा आकडा कमी धरला असेल तर प्रत्येक उघडझापीत थोडं पेट्रोल बुडतं आणि चारवर गाडी लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. जास्त धरला असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्हीकडे प्रमाण तेच राहिलं की आकडा बरोबर. मी १.० मिलिसेकंदापासून निघालो आणि १.३च्या आसपास थांबलो. मग अल्टरनेटरवर भार टाकून आणि काढून व्होल्टेजचा तक्ता जुळवला. हे नीट झाल्यावर त्या गाडीचं आयडल कंपनीच्या इंजेक्टरइतकं गुळगुळीत झालं नाही, पण चहा पिऊन येईपर्यंत बंदही पडत नाही. ४५० सीसीच्या इंजेक्टरकडून १३०० सीसीच्या इंजिनात याहून जास्त मागू नये.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली, एका साखर कारखान्याच्या केनयार्डात. गाळप संपलं की ते आवार रिकामं असतं; बैलगाड्या नाहीत, ट्रॉल्या नाहीत, कडेला वाळलेलं पाचट. परवानगी काढून कोन मांडले होते. दुपारचं ऊन चाळिशीला टेकलेलं. उभ्या गाडीत बराच वेळ आयडल झाल्यावर इन्फ्रारेड गनने ठोकळा बघितला तर ७१ डिग्री, आणि त्यातली बरीचशी उष्णता बॉनेटखालच्या हवेचीच. जोरात फेऱ्या मारून आल्या आल्या बघितलं तर ८३. मिनिटभर ग्रिलसमोर हवा लागली की उतरायचा. चार रेझिस्टरमध्ये तीन डिग्रीच्या आतला फरक होता, म्हणजे मामांच्या शाईचे पैसे वसूल. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पृष्ठभागावर ही गन खोटं वाचते, म्हणून ठोकळ्यावर आणि प्रत्येक रेझिस्टरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावरच मोजलं.

तिथेच एक जिप्सीवाला भेटला. त्याच्याकडेही जी१३बीबीच, त्यालाही टर्बो लावायचाय. बॉनेट उघडून तो काळा ठोकळा बघितला आणि म्हणाला, "मला पण असाच करून द्या की."

"तुझ्याकडं इंजेक्टर कुठले?"

"अजून घ्यायचेत."

"मग हाय-इंपीडन्सचे घे, सव्वातीनशे सीसीच्या आसपासचे. हे काय करत बसू नकोस."

त्याला ते काही पटलं नाही. जाताना ठोकळ्याचा फोटो मात्र सगळ्या बाजूंनी काढून घेऊन गेला.